काल थेट भटारखान्यात!

लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून लेकाने काल दक्षिण मुंबईतल्या एका भारी रेस्टॉरंटात नेलं. सात कोर्स, प्रत्येक ताटलीत घासभर. बांगड्यावरच्या फेसात तिरफळ आहे, हे हिने वासावरूनच ओळखलं. वेटरने ते आत सांगितलं असणार, कारण शेवटी शेफ स्वतः बाहेर आले. "काकू, किचन बघायला येता?"

मला वाटलेलं, आत धूर आणि आरडाओरडा असेल. छे! एक जण ऑर्डर वाचतो, बाकीचे एका सुरात "येस शेफ". भाजी कापायला हिरवा बोर्ड, मासळीला निळा, कच्च्या मटणाला लाल. डब्या-डब्यावर तारखेची चिकटपट्टी. (हिने माझ्याकडे बघितलं. आमच्या फ्रिजमधल्या वाट्यांवर कसली आलीय तारीख!) एक पोरगा चिमट्याने कोथिंबिरीचं एकेक पान ठेवत होता, घड्याळजी दुरुस्ती करतात तसा.

प्रत्येकाला नेमून दिलेलं काम, ही पद्धत एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने 19व्या शतकाच्या अखेरीस बसवली, असं शेफ सांगत होते. तो आधी सैन्यात स्वयंपाकी होता म्हणे. मग ते "येस शेफ" कुठून आलं ते कळलं.

निघताना कोपऱ्यात एक मोठं पातेलं दिसलं. स्टाफसाठी वरण, शेजारी भात आणि बटाट्याची भाजी. खमंग फोडणीचा वास! मागायची लाज वाटली.

घरी येऊन दोघांनी दहीभात खाल्ला. लेकाला सांगू नका.