सहा अक्षरांवरची पकड

नवजात बाळाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. पहिल्या वर्षात ते बनणं कमी कमी होत जातं आणि मोठ्या माणसात जेमतेम 1 टक्का उरतं. सिकलसेल झालेल्या बाळाची दुखणी सुरू होतात ती याच सुमाराला, कारण एचबीएफ भरपूर असेतो बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून पेशी वाकडी करू शकत नाही. मग एचबीएफ बंद कोण करतं? आमच्या प्रयोगशाळेचा जीव या एका प्रश्नात अडकलेला आहे.

बंद करणाऱ्या प्रथिनाचं नाव बीसीएल11ए. एचबीएफचा एक भाग घडवणाऱ्या गॅमा ग्लोबिन जनुकाच्या सुरुवातीच्या अलीकडे डीएनएत टी-जी-ए-सी-सी-ए अशी सहा अक्षरं येतात. तिथे हे प्रथिन जाऊन बसतं आणि जनुक गप्प होतं. प्रथिनाला झिंकच्या अणूंनी घडी धरून ठेवलेली 'बोटं' असतात. त्यातली शेवटची तीन डीएनएच्या रुंद खोबणीत शिरून अक्षरं चाचपतात. डीएनएचा पीळ न उलगडताच प्रथिन ती अक्षरं वाचतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1985 साली एका ग्रीक कुटुंबात याच सहा अक्षरांतलं दुसरं अक्षर, जी, बदलून ए झालेलं सापडलं होतं. अशा लोकांत मोठेपणीही एचबीएफ 10 ते 20 टक्के राहतं आणि त्यांना त्रास काहीच नसतो. त्यामागचं कारण मात्र 2018 मध्ये कळलं. सिडनी आणि बॉस्टनच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की त्या बदलाने बीसीएल11एची बसायची जागाच मोडते. मधली तेहतीस वर्षं बदल डोळ्यांसमोर होता, पण बसणारा कोण हे माहीत नव्हतं.

त्या दिवशी हेच आम्हाला आमच्या हाताने बघायचं होतं. प्रयोग लावणार होती माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी. ती नंदुरबार जिल्ह्यातली, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. कळा उठल्या की त्याला रात्री-अपरात्री गाडी करून तालुक्याला न्यावं लागतं, एवढं तिने मला पूर्वी सांगितलं होतं. त्यापलीकडे ती कधी फारसं बोलली नाही.

प्रयोग दिसायला साधा. डीएनएच्या छोट्या तुकड्याला चमकणारा रंग जोडायचा, त्यात प्रथिन मिसळायचं, ते जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, भरायचं आणि वीज सोडायची. मोकळा तुकडा भराभर खाली उतरतो. प्रथिन बसलेलं असेल तर तो जड होऊन वरच अडकतो. पण पकड नाजूक असते, म्हणून सगळं कोल्ड रूममध्ये, कमी व्होल्टेजवर. बफरमध्ये, म्हणजे हे सगळं ज्या द्रावणात चालतं त्यात, आम्ही ईडीटीए घालत नाही. ते झिंक ओढून घेतं, आणि झिंक गेलं की बोटांची घडी विस्कटते. जेलमध्ये तुकडे कुठवर उतरलेत हे कळायला लागणारा निळा रंगही कडेच्या रिकाम्या लेनमध्येच (एक नमुना उतरतो ती उभी पट्टी म्हणजे लेन), नमुन्यात नाही. ती एकेक लेन भरत होती तेव्हा पिपेटचं टोक जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेच्या तोंडाशी टेकलेलं आणि श्वास रोखलेला. नमुना तळाशी बसल्यावरच हात बाहेर.

स्कॅनरच्या पडद्यावर चित्र वरून खाली हळूहळू उमटलं. डावीकडे मूळ अक्षरांचा तुकडा होता. प्रथिन वाढवत नेलं तसा खालचा पट्टा फिका होत गेला आणि वर नवा, ठसठशीत पट्टा आला. उजवीकडे एकच अक्षर बदललेला तुकडा होता. प्रथिन तेवढंच, तरी पट्टा सगळ्या लेनमध्ये खालीच. वर काहीच नाही.

ती म्हणाली, "मॅडम, शेवटच्या दोन लेन बघा."

त्या दोन लेन माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या होत्या. वरचा पट्टा दिसला म्हणजे प्रथिन नेमकं त्याच अक्षरांवर बसलंय असं होत नाही. डीएनए दिसला की चिकटणारी प्रथिनं पुष्कळ असतात. म्हणून आम्ही बिनरंगाचा तुकडा शंभरपट जास्त घातला होता. मूळ अक्षरांच्या बिनरंगी तुकड्याने सगळं प्रथिन पळवलं आणि वरचा पट्टा नाहीसा झाला. बदललेल्या तुकड्याला ते जमलं नाही, पट्टा तसाच राहिला. आता शंकेला जागा नव्हती.

बराच वेळ आम्ही दोघी पडद्यासमोर उभ्या होतो. मग तिने विचारलं, "मॅडम, माझ्या भावात हे प्रथिन असं बसू दिलं नाही तर?"

हे आता झालंय, मी सांगितलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत तसा उपचार मंजूर झाला. बीसीएल11ए मेंदूच्या वाढीलाही लागतं, त्यामुळे ते सरसकट काढून चालत नाही. म्हणून त्याच्या जनुकाचा, फक्त लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत चालणारा एक तुकडा गाठला. तिथे गाटा1 नावाचं दुसरं प्रथिन बसतं. क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने ती जागा कापली की लाल पेशींत बीसीएल11ए कमी बनतं आणि एचबीएफ परत येतं. पण आधी रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, मग जड केमोथेरपी, आणि किंमत बावीस लाख डॉलर. पाड्यावर आज पोचते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. तीही एचबीएफ वाढवते आणि तिच्या भावाला ती चालू आहे. बीसीएल11एची पकड सोडवणारी स्वस्त गोळी निघायला हवी असं मला मनापासून वाटतं. अवघड आहे, कारण अशा प्रथिनात औषधाला अडकायला खाच सहसा सापडत नाही. तरी आमच्यासारख्यांनी खपावं ते यासाठीच, असं मी तिला म्हटलं.

ती मान हलवून म्हणाली, "पण मॅडम, तीच सहा अक्षरं जनुकाच्या आणखी जवळ पुन्हा येतात. पेशीत तिथे प्रथिन फारसं का बसत नाही?"

प्रश्न अगदी रास्त होता. अक्षरं तीच असूनही एक जागा भरलेली आणि दुसरी जवळपास मोकळी, म्हणजे आजूबाजूच्या अक्षरांनाही काही म्हणायचं असणार, किंवा शेजारी बसणाऱ्या एखाद्या प्रथिनाला. दोन्ही जागांचे, दोन्ही बाजूंची अक्षरं अदलाबदल केलेले तुकडे त्याच संध्याकाळी ऑर्डर केले.