पोटावरची करंजी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळखीतल्या एका काकूंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं, "कितवा गं?" माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची झालेली. "काही नाही हो काकू, नुसतंच पोट आहे," म्हणून हसले, घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी गंगापूर रोडच्या एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरून टाकले.

तिथल्या ट्रेनरने पहिल्याच दिवशी मॅटवर आडवं केलं. क्रंचेसचे, म्हणजे उताणं पडून डोकं-खांदे उचलायचे, २०-२०चे तीन सेट, मग लेग रेज, म्हणजे पडल्या पडल्या सरळ पाय वर-खाली, मग हवेत सायकल. "मॅडम, पोट जळलं पाहिजे!" जळलं खरंच. पुढचे तीन दिवस हसायची चोरी. दुखतंय म्हणजे काहीतरी होतंय, ही आपली जुनी समजूत, म्हणून रेटत राहिले. तीन आठवड्यांनी कंबर धरली. त्यातच एक दिवस समोरच्या आरशात नजर गेली. डोकं उचललं की पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, एक उभा उंचवटा येत होता. थेट करंजी. ट्रेनरला दाखवला, तर म्हणाला, "चरबी आहे मॅडम, जाईल."

चरबी अशी डोकं उचललं की उठते आणि टेकलं की बसते का? मला काही पटेना. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी गुडघे दुमडून उताणं झोपायला सांगितलं, डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी दाबली. तीन बोटं आत गेली. माझी मलाच लावून दाखवली तेव्हा अंगावर काटा आला. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा आणि मध्ये मऊ खड्डा, उशीत बोट रुतावं तसा.

त्याला डायस्टॅसिस म्हणतात. सिक्स पॅकचा जो स्नायू, त्याच्या दोन उभ्या पट्ट्या असतात आणि मध्ये त्यांना जोडणारी एक शिवण. गरोदरपणात ही शिवण ताणली जाते. बऱ्याच जणींची नंतर पुष्कळशी आवळते, काहींची सैल राहते. मग क्रंच मारला की पोटातला दाब त्या सैल जागेतून वर उठतो. करंजी दिसली की तो व्यायाम तिथेच थांबवायचा, निदान सोपा तरी करायचा. मी तर रोज साठ वेळा तळत होते.

मग त्यांनी सहज विचारलं, "शिंकताना, उड्या मारताना लघवीचे थेंब जातात का?" मी शाळेत शिकवते. दोरीउड्यांच्या वेळी मी नेमकं शिट्टी वाजवायचंच काम का मागून घेते, हे तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं.

घरी सासूबाईंचं पालुपद ठरलेलं: "दुसऱ्या वेळी पोट बांधून घेतलं नाहीस ना!" मी फिजिओंना तेही विचारलं होतं. बांधल्याने तेवढ्यापुरता आधार मिळतो, पण स्नायूंचं काम स्नायूंनाच करावं लागतं, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना मी फक्त पहिलं अर्धं वाक्य सांगितलं.

जिम तेच ठेवलं, पैसे भरलेले होते. फक्त सकाळच्या बॅचच्या मुलीकडे गेले. पहिले दोन आठवडे तिने नुसता श्वास करून घेतला. श्वास घेताना बरगड्या बाजूंना फुगवायच्या. सोडताना "श्श्श" करत खालून, म्हणजे लघवी रोखतो तिथून, वर उचलायचं आणि बेंबी हळूच आत. सगळ्यात आतला जो आडवा स्नायू पट्ट्यासारखा कमरेभोवती असतो, तो असा जागा होतो. शेजारी पोरं शंभर किलो उचलतायत आणि मी पडल्या पडल्या श्श्श करतेय. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

मग डेड बग. उताणं झोपून हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर न्यायचा, मग उलट. दिसायला पोरखेळ. तिने माझ्या कमरेखाली नॅपकिन सरकवला आणि त्याचं टोक स्वतःच्या हातात धरलं. "ताई, तुम्ही पाय लांब करा, मी ओढते. निघाला तर रिपिटेशन धरायचं नाही." पहिल्या दिवशी पाय अर्धा लांब होईतो नॅपकिन तिच्या हातात! पाय खाली जाताना मांडीला मणक्याशी जोडणारा स्नायू कंबर वर खेचतो आणि तिथे पोटाने तिला धरून ठेवायचं असतं. लेग रेजमध्ये माझी कंबर का गेली, ते त्या नॅपकिनने समजावलं. चौदाव्या दिवशी तो सहाही वेळा जागचा हलला नाही. मी इतक्या जोरात ओरडले की डंबेलवाल्यांनी वळून पाहिलं.

पुढे गुडघ्यांवरचा साइड प्लँक (कुशीवर, कोपर टेकवून कंबर उचलून धरायची), बर्ड डॉग (रांगत्या बाळासारखं होऊन एक हात आणि उलटा पाय लांब करायचा) आणि एका हातात ८ किलोचं डंबेल घेऊन सरळ चालणं. हे शेवटचं मला फार आवडतं. भाजीची पिशवी एका हातात घेऊन एका बाजूला न झुकता चालायचं, एवढंच. कोअरचा, म्हणजे पोट-कमरेच्या स्नायूंचा, व्यायाम म्हणजे वाकणं असं मी समजत होते, इथे तर सगळी मेहनत न वाकण्याची.

चार महिन्यांनी फट तीन बोटांवरून दीडवर आली आणि दाबलं तर आता खाली ताण लागतो. पोटाचा घेर जेमतेम दीड इंच उतरला. पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जात नाही, आणि रविवारची मिसळ मी सोडलेली नाही, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? शिट्टी मात्र आता दुसऱ्या बाईंकडे दिली.

मे महिन्यात सकाळी सकाळी पांडवलेणीला गेलो. अर्ध्या पायऱ्यांवर धाकटीने बसकण मारली, "आई, उचल." मी गुडघ्यात वाकले, श्श्श केलं आणि तिला कडेवर घेतलं.

"कुकरसारखं काय करतेस गं?"

"शिट्टी व्हायच्या आत वर पोचायचंय," म्हटलं आणि चालू लागले.