पाचव्या महिन्यात अडकलेला मॅक्रो

बारा महिन्यांचे बारा अहवाल एकामागून एक काढणारा माझा सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधला मॅक्रो, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, बरेच दिवस बिनतक्रार चालत होता. त्या दिवशी प्रत्येक महिन्याला तीन तक्ते जोडायचे होते, म्हणून मी वेगळा छोटा मॅक्रो लिहिला, तो एकटा चालवून पाहिला, तिन्ही तक्ते बरोबर आल्यावर मोठ्या मॅक्रोच्या लूपमध्ये, म्हणजे दर महिन्याला फिरणाऱ्या आवर्तनात, त्याला बोलावले आणि निर्धास्त झालो.

प्रोग्रॅम थांबेचना. लॉगमध्ये, म्हणजे सॅस कामाची नोंद लिहिते तिथे, पहिल्या महिन्यानंतर थेट पाचवा महिना, त्यानंतर पुन्हा पाचवा, आणि मग पाचवाच. एररची एकही ओळ नव्हती. प्रोग्रॅम मध्येच बंद करून मी तासभर डेटातल्या तारखा तपासत बसलो; स्वतःच्या कोडवर संशय घ्यायची पाळी नेहमी शेवटीच येते.

अखेर छोट्या मॅक्रोच्या लूपमध्ये '%पुट _यूजर_;' ही ओळ घातली. आपण तयार केलेली मॅक्रो व्हेरिएबल्स (किंमत साठवणारी नावे) ती लॉगमध्ये छापते आणि प्रत्येक व्हेरिएबल कोणत्या मॅक्रोचे आहे, हेही दाखवते. दोन्ही लूपच्या मोजणीसाठी मी सवयीने 'आय' हेच नाव वापरले होते, त्यामुळे दोन 'आय' दिसायला हवे होते. दिसला एकच, आणि तोही मोठ्या मॅक्रोच्या नावावर.

छोटा मॅक्रो एकटा चालवला तेव्हा 'आय' कुठेच नव्हता, म्हणून सॅसने तो त्याच्यासाठी नवा तयार केला होता. मोठ्याच्या आत चालताना मात्र बाहेरचा 'आय' आधीच हजर असल्याने त्याने तोच उचलला. लूप प्रत्येक फेरीअखेर 'आय'मध्ये एक मिळवतो, त्यामुळे तीन तक्ते संपेपर्यंत त्याची किंमत 4 होई, बाहेरचा लूप त्यात एक मिळवून 5 करी, आणि पुढच्या फेरीत छोटा मॅक्रो ती पुन्हा 4 वर आणून सोडी; 12 कधी येणारच नव्हते. बाहेरची मर्यादा बाराऐवजी चार असती, तर पहिल्याच फेरीनंतर लूप निमूटपणे संपला असता आणि उरलेले अहवाल गायब झाल्याचे कदाचित माझ्या लक्षातही आले नसते.

छोट्या मॅक्रोच्या आरंभी '%लोकल आय;', म्हणजे हा 'आय' फक्त या मॅक्रोचा, असे लिहिले आणि पुन्हा चालवले. पाचव्या महिन्याच्या दुसऱ्या तक्त्याला लॉगमध्ये दोन ओळी होत्या: छोट्याचा 'आय' 2, मोठ्याचा 5. मग जुने मॅक्रो उघडून बसलो. सात मॅक्रोंमध्ये 'आय' होता, '%लोकल' एकातही नव्हते.