दाहक वास्तव सोडून बोला

मराठवाड्यातल्या माणसानं कादंबरी लिहिली की परीक्षणात दुष्काळ येणार म्हणजे येणारच, मग ती कादंबरी नांदेडच्या लॉजवर काम करणाऱ्या पोराची का असेना. 'दाहक वास्तव', 'मातीशी नाळ', 'अस्सल बोली' हे शिक्के तयारच असतात, आणि त्याच्या आधी दीड कॉलम नुसतं कथानक. असलं वाचून पुस्तक घ्यावं का नाही काहीच कळत नाही, कारण त्यात मत नसतंच, लग्नातल्यासारखा आहेर असतो.

पण मागं एका रविवार पुरवणीत आपल्याच भागातल्या कादंबरीवर आलेलं परीक्षण वेगळं निघालं. कादंबरी आधीच वाचलेली होती म्हणून ताडून बघता आलं. कर्जापायी बाप जातो, पुढची गोष्ट पोरगा सांगतो, एवढं कथानक परीक्षकानं तीन ओळीत उरकलंय आणि लगेच मुद्द्यावर, की बाप गेल्यावर आई पुस्तकात फक्त चहा करते. बँकेचा माणूस येतो, चुलते वाटणीचं काढतात, तलाठी चकरा मारायला लावतो, सगळ्यांना बोलायला जागा आहे आणि वारस म्हणून सातबाऱ्यावर जिचं नाव चढायचंय तिच्या तोंडी एक वाक्य नाही. मी पुस्तक काढून पानं चाळली, खरंच नाही राव!

मला आवडलं ते हे, की बोट नेमक्या जागेवर ठेवलंय, म्हणजे वाचणाऱ्याला तपासता येतं, पटलं नाही तर भांडता येतं. आणि फूटपट्टी पण बाहेरून आणलेली नाही, पहिल्याच प्रकरणात लेखक म्हणतो की ही एका घराची गोष्ट आहे, मग घरात आईला धरायचं का नाही एवढंच परीक्षक विचारायलाय.

आमच्याकडं असला विषय निघाला की नांदेडचे समीक्षक नरहर कुरुंदकर गुरुजी आठवतातच. १९६८ साली आलेल्या 'श्रीमान योगी'ची त्यांची प्रस्तावना म्हणजे खरं तर रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र, आणि त्यात हारतुरे सोडून शिवाजी महाराजांच्या इतिहासाचीच चिकित्सा चालू आहे. प्रस्तावना म्हणलं की पाठ थोपटायची असा आपला रिवाज, इथं आधी आपण कशाच्या जोरावर बोलतोय ते मांडलंय.

आता या परीक्षणात मला खटकलेलं. मधेच परीक्षक म्हणतो की लेखकानं पीकविम्याचं राजकारण पण घ्यायला पाहिजे होतं. का बरं? ती दुसरी कादंबरी झाली ना, ती त्यानं स्वतः लिहावी. आणि एक प्रश्न त्यानं सोडलाच, की गोष्ट सांगणारा पोरगा बारा वर्षांचा आहे, त्याला आईचं बोलणं ऐकूच येत नसेल तर ती लेखकाची चूक का पोराची नजर? मी त्या अंगानं परत बघितलं. पोराला आत्याचं भांडण शब्दनशब्द आठवतं, शेजारणीचे टोमणे आठवतात, म्हणजे कान शाबूत आहेत. तेव्हा परीक्षकाचं म्हणणं टिकतं, फक्त हे काम त्यानं करायला पाहिजे होतं, माझ्यावर का ढकललं?

शेवटी 'मुखपृष्ठ देखणे, मुद्रणदोष टाळता आले असते' आहेच. कॉलम भरायला लागत असेल.