ड्रग वॉर वही: कोलंबियाचा टप्पा संपत आला

गेल्या नोंदीत ठरवलं होतं त्याप्रमाणे वाटेल तिथे उड्या मारणं आता बंद केलंय. एक देश, एक कालखंड धरायचा आणि त्यावरचं हाती लागेल ते पुस्तक, सिरीज, डॉक्युमेंटरी सलग संपवायची. पहिला मान कोलंबियाला दिला. 1984 च्या एप्रिलमध्ये न्यायमंत्री रॉद्रिगो लारा बोनिया यांचा बोगोतात खून झाला तिथपासून ते 1994 च्या जुलैत फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबारला मेदेयीनमध्ये गोळ्या घातल्या तिथपर्यंत. निक्सनने 1971 मध्ये नशेला शत्रू क्रमांक एक ठरवलं, 1973 मध्ये डीईए ही अमली पदार्थविरोधी अमेरिकी यंत्रणा उभी राहिली, हा सगळा अमेरिकी पूर्वरंग वहीच्या एका पानात उरकला. त्यात शिरलो असतो तर दिवाळीपर्यंत वॉशिंग्टनमधून हललो नसतो.

वही म्हणजे खरोखरच वही, दोनशे पानी. डाव्या पानावर तारखा आणि घटना, उजव्या पानावर पुस्तकाने काय सांगितलं आणि पडद्यावर काय दिसलं. तळाशी एक ओळ राखून ठेवलीय: गोष्ट कुणाच्या खांद्यावरून बघतोय? सुरुवातीला ती ओळ गंमत म्हणून होती. आता बाकीचं पान कोरं राहिलं तरी चालेल, ती ओळ भरल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. या सगळ्या ऐवजाचा दर्जा तिथेच ठरतो असं माझं मत होत चाललंय.

मेदेयीनचा तस्कर टोळीप्रमुख पाब्लो एस्कोबार याच्यावरच्या 'नार्कोस' या सिरीजपासून सुरुवात केली, कारण आपल्यातल्या बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. दुसऱ्यांदा बघतानाही पहिला सीझन धरून ठेवतो. खऱ्या बातम्यांची फिल्म मध्ये मध्ये पेरण्याची युक्ती जबरदस्त आहे. एस्कोबार झालेला वाग्नर मौरा ब्राझीलचा, स्पॅनिश शिकला तीच या भूमिकेसाठी. कोलंबियातल्या प्रेक्षकांना त्याचे उच्चार ऐकून हसू यायचं. मालवणी नाटकात इंदूरचा नट उभा करावा तसं काहीसं झालं असणार. आपल्याला ते कळत नाही, म्हणून आपण त्याला शंभर मार्क देऊन टाकतो. (इंग्रजी डबिंग लावून बघणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही. स्पॅनिश आवाज, खाली सबटायटल्स.)

पण तळाची ओळ भरायला बसलो की अडचण येते. कथा सांगतो तो डीईएचा स्टीव्ह मर्फी. खरा मर्फी आणि त्याचा जोडीदार हाविएर पेन्या हे दोघेही सिरीजचे सल्लागार होते, त्यामुळे कॅमेरा कायम त्यांच्या बाजूला उभा असतो. एस्कोबारच्या माणसांनी बॉम्बने उडवलेल्या आव्हियांका या कोलंबियन कंपनीच्या विमानाचं उदाहरण घ्या. 27 नोव्हेंबर 1989, फ्लाइट 203, बोगोताहून कालीकडे निघालेली. विमानातले 107 जण आणि जमिनीवरचे 3 जण गेले. ज्यांना मारायचं होतं ते सेसार गाविरिया विमानात नव्हतेच, पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. सिरीजमध्ये बॉम्ब घेऊन चढणाऱ्या पोराला चेहरा आहे, बायको आहे, तान्हं मूल आहे, आणि तो सगळा भाग बराचसा रचलेला. बाकीच्यांना चेहरे नाहीत. हे वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या पुस्तकाकडे वळलो.

मार्क बाउडनचं 'किलिंग पाब्लो' (2001). मुळात फिलाडेल्फियातल्या वर्तमानपत्रातली लेखमाला, आणि तो बातमीदाराचा कसब पानापानावर दिसतो. एस्कोबारने ला कातेद्राल हा स्वतःसाठी बांधून घेतलेला 'तुरुंग' 1992 च्या जुलैत सोडला, तिथपासून पुस्तक पळतं. मला त्यातली गोळीबाराची पानं तितकीशी आठवत नाहीत. डोक्यात बसलीय ती रेडिओची भानगड. एस्कोबारला शोधणाऱ्या 'सर्च ब्लॉक' या पोलीस पथकाचे प्रमुख कर्नल ह्यूगो मार्तिनेस आणि त्यांचा मुलगा, लेफ्टनंट, नाव तेच. मुलगा फोनचा सिग्नल कुठून येतोय ते शोधणारं यंत्र गाडीत घेऊन मेदेयीनच्या गल्ल्यांतून हिंडतो. यंत्र वेळोवेळी दगा देतं, पथकातले लोक त्याच्याकडे जरा हसूनच बघतात, आणि बापाला मुलाच्या जिवाची धास्ती. 2 डिसेंबर 1993 ला लोस ओलिवोस वस्तीत तो रस्त्यावरून गाडी हळूहळू नेतो, यंत्रावरची खूण बघतो, मान वर करतो, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत एक जाडा, दाढीवाला माणूस फोनवर बोलत उभा. फोनच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मुलगा. आदल्याच दिवशी चव्वेचाळीस पूर्ण झालेले.

ते अर्धं पान मी परत परत वाचलं. थरार आहेच, पण तो सगळा वाट बघण्यातून येतो. छपरावरचा पाठलाग पडद्यावर सगळेच दाखवतात. गाडीत बसून एका हिरव्या रेषेकडे बघत राहणं कुणाला नीट दाखवता आलेलं नाही.

बाउडनचं आणखी एक कौतुक. 'लोस पेपेस' हा एस्कोबारच्या शत्रूंनी काढलेला खुनी गट. त्याचे वकील, नातेवाईक, हिशेबनीस हे लोक टिपून मारत होते. मागे काली शहरातल्या कार्टेलचा, म्हणजे प्रतिस्पर्धी तस्कर टोळीचा पैसा होता. पोलीस आणि अमेरिकी यंत्रणांकडची माहिती त्यांच्यापर्यंत पोचत होती का, हा प्रश्न बाउडन टाळत नाही. मर्फीचा छपरावर मृतदेहाशेजारी हसऱ्या चेहऱ्याने काढलेला फोटो तुम्ही पाहिला असेल. या प्रकरणानंतर तो बघा. तरीही तळाची ओळ तीच: शिकाऱ्याच्या खांद्यावरून.

मग हातात घेतलं गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचं 'न्यूज ऑफ अ किडनॅपिंग' (मूळ स्पॅनिश 1996), आणि वहीची शिस्त बिघडली. या एका पुस्तकाने तीन संध्याकाळच्या जागी तीन आठवडे खाल्ले असं समजा.

प्रकरण असं. 1990 च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत एस्कोबारच्या माणसांनी दहा जणांना पळवलं, बहुतेक पत्रकार किंवा मोठ्या घरांतले. मागणी एकच: आम्हाला अमेरिकेच्या हवाली करू नका. माजी राष्ट्राध्यक्षांची मुलगी दियाना तुर्बाय आणि तिचं पथक एका गनिमी पुढाऱ्याच्या मुलाखतीच्या आमिषाने नेलं. 'एल तिएम्पो' दैनिकाचा फ्रान्सिस्को सांतोस पलंगाला साखळीने बांधलेला. पुढे हाच गृहस्थ देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. आणि मारुहा पाचोन. तिची बहीण ग्लोरिया म्हणजे 1989 मध्ये भर प्रचारसभेत मारलेले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गलान यांची पत्नी. मारुहाबरोबर तिची नणंद बेआत्रीस हीही उचलली गेली.

या दोघींना ज्या खोलीत कोंडलं तिथे मारिना मोंतोया आधीपासून होती, वय चौसष्ट. जमिनीवर गादी, खिडकी बंद, बुरखे घातलेली पहारेकरी पोरंही त्याच खोलीत. बोलायचं ते फक्त कुजबुजून. बाथरूमला जायचं तर परवानगी काढून. टीव्ही मात्र चालू, आणि त्यावर घरची माणसं निरोप देणार. बाहेरचं जग तुमच्याशी बोलतंय आणि तुम्हाला खोकायचीही चोरी. पहारेकरी पोरं बंदुका घेऊन बसलेली, आपण फार जगणार नाही हे गृहीत धरलेली. पैसे हवेत ते आईसाठी, चांगल्या कपड्यांसाठी, मोटरसायकलसाठी. मार्केझ त्यांना राक्षसही करत नाहीत आणि बिचारेही म्हणत नाहीत. फक्त खोलीत त्यांच्याशेजारी बसवतात.

जानेवारी 1991 मध्ये मारिनाला 'तुम्हाला सोडतोय' म्हणून न्यायला येतात. ती आवरते. गुलाबी ट्रॅकसूट. बाकीच्या दोघींना काय चाललंय याचा अंदाज आहे आणि तरीही त्या तिला तयार व्हायला मदत करतात. दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडतो आणि बेवारस म्हणून पुरलाही जातो. मार्केझ इथे एकही विशेषण खर्च करत नाहीत. मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. ट्रू क्राइम वाचताना माझं असं सहसा होत नाही, निबर झालोय आपण सगळेच.

रचना साधी: एक प्रकरण खोलीत, पुढचं बाहेर. बाहेर मारुहाचा नवरा अल्बेर्तो विल्यामिसार दारोदार फिरतोय, सरकारी हुकूमनाम्यांचे मसुदे बदलतायत, आणि शेवटी गार्सिया एरेरोस हे म्हातारे पाद्री टीव्हीवरच्या आपल्या एका मिनिटाच्या कार्यक्रमातून थेट एस्कोबारला साद घालतात. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने 'पटत नाही' म्हणून परत पाठवलं असतं. 20 मे ला मारुहा आणि सांतोस सुटले. 19 जून 1991 ला संविधान सभेने स्वतःच्या नागरिकांना परदेशाच्या हवाली करायला बंदी घातली आणि त्याच दिवशी एस्कोबार हजर झाला. म्हणजे त्याला हवं ते मिळालं. पुस्तकातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हा.

यावरची सहा भागांची सिरीज 2022 मध्ये आली. चांगली आहे, पण ती सारखी खोलीबाहेर पळते, आणि बाहेर गेलं की श्वास मोकळा होतो. पुस्तक तेवढी मुभा देत नाही. चाहत्यांसाठी एक गंमत: यात मारुहा झालेली क्रिस्तिना उमान्या आणि अल्बेर्तो झालेला हुआन पाब्लो राबा हे दोघेही 'नार्कोस'मध्ये पलीकडच्या बाजूला आहेत. तो एस्कोबारचा मामेभाऊ गुस्तावो, ती लोस पेपेसमधली हुदी मोंकादा. दोन्ही लागोपाठ बघितलं तर डोक्याचा जरा गोंधळ होतो.

डॉक्युमेंटऱ्यांपैकी दोन ठेवून घ्याव्यात अशा. 'द टू एस्कोबार्स' (2010) फुटबॉलचं वेड नसलं तरी बघा. कार्टेलचा पैसा क्लबांत कसा आला, 1989 मध्ये आत्लेतिको नासिओनालने लिबेर्तादोरेस चषक कसा जिंकला, आणि 1994 च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्धच्या एका स्वयंगोलनंतर दहा दिवसांत आंद्रेस कसा मारला गेला. पाब्लो जिवंत असता तर आंद्रेसला हात लावायची कुणाची छाती झाली नसती, असंही त्यात बोललं जातं. हे वाक्य ऐकल्यावर 'गुंड मेला, प्रश्न मिटला' ही मांडणी मला कुठेच गळी उतरेना. दुसरी 'सिन्स ऑफ माय फादर' (2009): एस्कोबारचा मुलगा, जो आता सेबास्तियान मारोकिन या नावाने आर्हेन्तिनात राहतो, लारा बोनिया आणि गलान यांच्या मुलांना भेटतो. संगीत जरा जास्त आहे. भेटीचा प्रसंग मात्र अवघडलेला, खरा.

झटपट निकाल: 'ब्लो' (2001) देखणा, पण त्यात तस्करापेक्षा त्याच्या केसांना जास्त काम आहे. 'अमेरिकन मेड' (2017) हसत हसत संपतो. त्यातल्या तस्कर वैमानिक बॅरी सीलला 1986 मध्ये बॅटन रूजमध्ये मारलं, ती घटना इतकी हलकी करून ठेवलीय की वहीत चारच ओळी आल्या.

कोलंबियाच्या बाहेरचं एकच पुस्तक या टप्प्यात मुद्दाम घुसवलं: डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांचं 'द कॉर्नर' (1997). का, तर त्यातलं वर्ष आहे 1993. तिकडे मेदेयीनमध्ये एस्कोबारचा माग काढला जात होता तेव्हा हे दोघे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या फेयेट आणि मन्रो या रस्त्यांच्या चौकात एका पंधरा वर्षांच्या पोराच्या आणि त्याच्या व्यसनी आईवडिलांच्या मागे वर्षभर हिंडत होते. दोन्ही तारखा एकाच डाव्या पानावर आल्या. डिसेंबरात तिकडे जल्लोष, आणि इकडे चौकात दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलेलं. मागच्या दारी कालीच्या रॉद्रिगेस ओरेहुएला बंधूंनी धंदा उचललाच होता. त्यांना 1995 मध्ये पकडलं, मग मेक्सिकोचे लोक वर आले. याच चौकातल्या पोरांना लागू होता तो 1986 चा कायदा: 5 ग्रॅम क्रॅक (ओढायचं, खड्यांच्या रूपातलं कोकेन) आणि 500 ग्रॅम कोकेन पावडर यांना किमान शिक्षा एकच, पाच वर्षं. हे प्रमाण बदलायला 2010 उजाडलं. 'द हाउस आय लिव्ह इन' (2012) या डॉक्युमेंटरीत हे नीट उलगडलंय, सायमनही त्यात बोलतो. 'द कॉर्नर'वरची सहा भागांची सिरीज (2000) अर्धी झालीय, सायमनच्याच गाजलेल्या 'द वायर'च्या आधीची म्हणून दुर्लक्षित राहिलेली. ती संपली की या टप्प्याला कुलूप.

आपल्याकडचं कधी घेणार, असं दोघातिघांनी विचारलंय. 'उडता पंजाब' काल्पनिक, म्हणून वहीबाहेर. पण जून 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकाच कटसह मोकळा केला, ती सुनावणी स्वतःच एक डॉक्युमेंटरी होईल. अमली पदार्थांवरचा आपला एनडीपीएस कायदा 1985 चा, म्हणजे आपली तारीख या वहीत बसतेच. जागा ठेवलीय.

पुढचा मुक्काम मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. 7 फेब्रुवारी 1985 ला डीईएचा अधिकारी किकी कामारेना पळवला गेला, महिन्याभराने मृतदेह मिळाला. आरोपी राफाएल कारो किंतेरो 2013 मध्ये तुरुंगातून सुटला, 2022 मध्ये पुन्हा सापडला आणि 2025 मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेला. प्रकरण चाळीस वर्षं उघडंच. एलेन शॅनन यांचं 'डेस्पेराडोज' (1988) आधी आणि 'नार्कोस: मेक्सिको' नंतर, असा क्रम धरलाय. पुस्तकाची जुनी प्रत फोर्टच्या फुटपाथवर किंवा आप्पा बळवंत चौकात कुणाला दिसली तर माझ्यासाठी उचलून ठेवा, पैसे लगेच पाठवतो.