जिमखान्यातली वही

आमच्या कॉलेजच्या माजी फुटबॉल खेळाडूंचा मेळावा दरवर्षी हंगाम संपला की होतो. हंगाम म्हणजे शाहू स्टेडियमचा. कोल्हापुरात दुसरा कुठला हंगाम कुणी धरतच नाही. यंदा आमच्या फुटबॉलच्या सरांच्या निवृत्तीचा सत्कारही त्यातच होता. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ रीतसर झालं. प्राचार्य चांगलं बोलले. प्रमुख पाहुणे जरा जास्तच बोलले.

मी जातो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. दरवर्षी कुणीतरी असा उठतो, ज्याला भाषण अजिबात येत नाही. यंदा आमच्या वेळचा गोलकीपर उठला. आता रिक्षा चालवतो. हातातला कागद चार घड्या करून त्यानं खिशात टाकला आणि म्हणाला, "मी पाटाकडील तालमीच्या संघाचा, स्टॉपर खंडोबा तालमीच्या. पेठेत एकमेकांकडं बघत नव्हतो आम्ही. सर म्हणाले, कॉलेजच्या जर्सीला तालीम नसती. आणि दोघांना एकाच गाडीवरनं स्पर्धेला धाडलं."

हॉल हसला. मग तो २०१९ च्या पुरावर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. "सरांचा फोन. म्हणाले, प्रॅक्टिस आहे, शुक्रवार पेठेत या." त्या दिवशी पोरांनी म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढलं. त्यात एक याची आजी होती. एवढं सांगून तो माइक धरून नुसताच उभा राहिला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना. मी चष्मा पुसत बसलो.

सरांच्या टेबलाखाली एक पत्र्याची पेटी असायची. त्यात जुने बूट, चांभाराकडून शिवून आणलेले. ज्याच्याकडं नाहीत त्यानं न्यायचे आणि वहीत नाव लिहायचं. सत्काराला उत्तर द्यायला उठल्यावर सरांनी शाल खुर्चीवर ठेवली आणि पिशवीतनं तीच वही काढली. कोपऱ्यांना चिकटपट्टी, कव्हर केव्हाच गेलेलं. "बाकी वसूल करूनच जातो," म्हणाले आणि वाचायला लागले. नाव, साल, बुटाचा नंबर, परत नाही. एक जण आता फौजदार आहे. त्याचं नाव आल्यावर अशा शिट्ट्या पडल्या की स्टेडियमची आठवण यावी. माझंही नाव होतं. आठ नंबर, डाव्या बुटाचा एक स्टड गेलेला, हेसुद्धा लिहिलेलं. ते बूट अजून आमच्या माळ्यावर आहेत.

हजेरीचं मात्र बोललंच पाहिजे. पुण्याहून सहा जण आले, एक बेंगळुरूहून रात्रभर बसमध्ये बसून आला. आणि राजारामपुरीतले, दहा मिनिटांवरचे, ग्रुपवर अंगठे दाखवून गायब. अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये खेळला तेव्हा सरांनी वाटलेले पेढे खायला हेच पुढं होते. त्या पोराचा आमच्या कॉलेजशी काडीचा संबंध नव्हता, पण कोल्हापूरचा म्हणून सरांनी पदरचे पैसे घातले होते. नावं घेत नाही.

आभारात काही जण राहिले, म्हणून इथं लिहितो. तालमीतनं खुर्च्या आणणारी पोरं. फुलवाल्या मावशी. फोटो फुकट काढणारा आमचा जुना लेफ्ट विंगर. स्मृतिचिन्हावरची वेलांटी दोनदा दुरुस्त करून देणारा दुकानदार. पांढऱ्या रश्श्याला नारळ कमी पडले तेव्हा पळत गेलेले दोघं. जिमखान्याचे शिपाईमामा. माइकवाला, त्याला तर जेवायला थांब म्हणायचंही राहिलं.

आणि काकू, सरांच्या पत्नी. आमच्या चिखलानं भरलेल्या जर्सी इतकी वर्षं त्यांनी घरी धुतल्या, आणि त्यांनाच स्टेजवर बोलवायला आम्ही विसरलो. लक्षात आलं तेव्हा त्या मागं पोरांना ताटं वाढत होत्या. मी उरलेला हार घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "ठेव तो तिथं. आधी रस्सा घे, गार व्हायलाय."