आमची वाटचाल : ‘लो बॅटरी’ म्हणजे बॅटरी खराब असं नाही

शहाद्यात आम्ही दुकान टाकलं ते सोलर प्लेटा आणि बॅटऱ्या विकायला. आता कामाचा मोठा भाग दुरुस्तीचा आहे. धडगाव-तोरणमाळकडच्या पाड्यांवरून तक्रार बहुतेक एकच येते: दिवसभर ऊन असतं, तरी रात्री इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ दाखवून बंद पडतो. अशा वेळी ‘बॅटरी बसली, नवी टाका’ म्हणणं दुकानदाराच्या सोयीचं असतं. हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलायचं असं ठरवलं, तेव्हापासून आमचं दुरुस्तीचं काम वाढलं.

इन्व्हर्टरला बॅटरीची तब्येत कळत नाही. स्वतःच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आले, एवढंच कळतं. २४ व्होल्टच्या सिस्टिमवर ८०० वॅटचा लोड असेल तर बॅटरीतून साधारण ३८ अँपिअर ओढले जातात. वायर १० चौरस मिमीची आणि जाऊन-येऊन ६ मीटर असेल, तर नुसत्या वायरमध्येच ०.४ व्होल्टच्या वर जातात. २५ चौरस मिमीची घातली तर ०.२ व्होल्टच्या आत. कटऑफ, म्हणजे इन्व्हर्टर ज्या व्होल्टला बंद होतो तो आकडा, २१ ला असेल, तर बॅटरीवर २१.४ असतानाच घरात अंधार. लोड सुटला की व्होल्टेज परत चढतं, इन्व्हर्टर चालू होतो, पुन्हा ट्रिप मारतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशिन येडं झालंय.

म्हणून आमचा माणूस आधी पूर्ण लोड चालू ठेवायला लावतो. लोड नसताना घेतलेलं रीडिंग आम्ही धरतच नाही. मीटरची टोकं आधी बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला की एक टोक पोलवर आणि दुसरं त्याच पोलच्या लगवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) ठेवून मिलिव्होल्ट बघायचे. चांगला जोड या करंटला जेमतेम काही मिलिव्होल्ट दाखवतो. १०० दाखवले तर त्या लगमध्ये जवळपास ४ वॅट उष्णता तयार होतेय. हात लावला तरी कळतं. हातोडीने ठोकलेले लग हे आमच्याकडचं नेहमीचं कारण. लग कापून हायड्रॉलिक क्रिम्परने नवीन दाबायचा. पोलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, घासायची, बोल्ट आवळायचा आणि मगच व्हॅसलिन. आधी लावलं तर ते जोडाच्या आत बसतं.

वायरिंग ठीक निघालं तर २४ व्होल्टच्या जोडीतली १२ व्होल्टची प्रत्येक बॅटरी लोडवरच वेगळी मोजतो. एक १२.१ आणि दुसरी १०.९ असेल तर दोष दुसरीत. मग हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजायचं साधन. ट्यूब्युलरची (इन्व्हर्टरला लावतात ती शिसे-ॲसिडची बॅटरी) पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी २७ अंशांना साधारण १.२४० असते. बॅटरीतल्या सहा सेलपैकी पाच १.२३० आणि एक १.१५० दिसला की तो सेल गेला. इथे एक सांगायला हवं: ‘फुल म्हणजे १२.७’ हा तक्ता गाडीच्या बॅटरीचा आहे. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की सेलचे व्होल्ट येतात, १.२४० ला ते २.०८, म्हणजे विसावलेल्या ट्यूब्युलरवर १२.५ च्या आसपास. या एका तक्त्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात. ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणून कुणी वरून ॲसिड ओततं, तेही नको. फक्त डिस्टिल्ड वॉटर.

सगळ्याच बॅटऱ्या सारख्या उतरल्या असतील तर चार्जिंगच अपुरं. दोन १५० एएचच्या (अँपिअर-तास) बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात, त्यातले निम्मेच रोज वापरावेत. पावसाळ्यात तेवढेही भरून निघत नाहीत, तेव्हा लोड कमी करणं हाच इलाज. उन्हाळ्यातही तसंच होत असेल तर बूस्ट (बॅटरी पूर्ण भरतानाचं चार्जिंग व्होल्टेज) तपासायचा: २८.८ हवा, कुणीतरी २७.६ वर ठेवलेला सापडतो. थंडीत तोरणमाळला पारा १० अंशांवर आला की तोच बूस्ट साधारण ०.७ व्होल्टने वाढवावा लागतो. टेंपरेचर सेन्सर असेल तर मशिन ते स्वतः करतं. सेन्सर मात्र बॅटरीला चिकटलेला हवा, भिंतीवर लोंबकळणारा नको.

आता लिथियमचं काम वाढतंय. आठ सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी जवळजवळ शेवटपर्यंत २५-२६ व्होल्ट दाखवते आणि मग एकदम कोसळते. कटऑफ २१ लाच राहिला तर इन्व्हर्टरच्या आधी बॅटरीचा बीएमएस (तिच्या आतलं संरक्षणाचं सर्किट) लाइन तोडू शकतो. मग ‘लो बॅटरी’सुद्धा येत नाही, डिस्प्लेच जातो आणि मीटर शून्य दाखवतो. म्हणून नव्या जोडणीत आम्ही कटऑफ २४ ला ठेवतो आणि ते सेटिंग इन्व्हर्टरच्या झाकणावर मार्करने लिहून येतो.